नागपुरात राहून झाडं, कार्बन आणि जैवइंधनाची लागवड या विषयात करिअर होऊ शकतं का?

प्रश्नाखालचा तपशील वाचला नसता तर या उत्तराच्या भानगडीत पडले नसते. तू लिहिलंयस की वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालंय, काटोलकडे घरची पाच एकर 'पडीक' जमीन आहे, तिथे ऊर्जा-लागवड (म्हणजे जाळायला, इंधनाला लागणारी झाडं) करायची, तिच्यावरच पीएच.डी. करायची आणि वर कार्बन क्रेडिटचे पैसेही घ्यायचे, असं जमेल का. (वयाने लहान आहेस असं धरून एकेरीवर येतेय. राग मानू नकोस.)

करिअर होतं. माझं झालं. गेली वीस वर्षं झाडं आणि माती मोजून माझं घर चालतंय, तेही नागपूर न सोडता. पण 'पडीक' हा शब्द वाचला आणि चहा तसाच राहिला.

उमरेड तालुक्यात माझ्या मामांचं वावर आहे. त्यातली सहा एकर बरड. सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीलायक नाही, म्हणून लागलेली, मुरूम वर आलेला, चार बोटं खाली गेलं की नांगराचा फाळ खडखडतो. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीचा जैवइंधनावरचा अहवाल आला आणि पुढची काही वर्षं विदर्भात चंद्रज्योतीचं वारं शिरलं. मोगली एरंड म्हण, जट्रोफा म्हण, झाड तेच. देशभरात कोटीभर हेक्टर पडीक जमिनीवर ते लावायचं, बियांचं तेल डिझेलमध्ये मिसळायचं, असा एकूण बेत. पाणी लागत नाही, खत लागत नाही, जनावर तोंड लावत नाही. २००६ च्या संक्रांतीला मामा तिळगूळ घेऊन आले ते एका रोपवाटिकावाल्याचं रंगीत पत्रक खिशात घालूनच. बियाणं आम्हीच परत विकत घेऊ, असं त्यावर ठळक अक्षरात होतं.

पाणी लागत नाही हे अर्धं खरं होतं. जगायला लागत नाही. बी धरायला लागतं. हे तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं ते पत्रकं वाटत होते.

माझी पीएच.डी. नुकती सुरू झाली होती. विषय पानगळीच्या जंगलातल्या मातीचा श्वास. माती श्वास घेते म्हणजे तिच्यातली मुळं आणि सूक्ष्मजीव कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात. झाड किती आत घेतं ते सगळे सांगतात, खालून किती निघून जातं ते फारसं कोणी मोजत नाही. जंगलात काम करायची परवानगी मे उजाडला तरी आली नव्हती, म्हणून हात बसावा यासाठी मी मामांच्या वावरात जाऊन राहिले. तोवर बरडाचा अर्धा भाग ट्रॅक्टरने उलथून खड्डे पाडून झाले होते. उरलेल्या अर्ध्यात अजून कुसळी गवत, पळसाची झुडपं, टेंभुर्णी, तरवड आणि धुऱ्यावर दोन मोह. मला आयतीच तुलना मिळाली.

महागडं यंत्र आमच्याकडे नव्हतं. पीव्हीसी पाइपचे वीतभर रुंद तुकडे कापून जमिनीत रोवायचे (याच माझ्या रिंगा), आत तिवईवर कॉस्टिक सोड्याचं २० मिली द्रावण ठेवलेला बीकर, वरून घट्ट झाकण, त्यावर ओलं गोणपाट. एक दिवस-एक रात्र. मातीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड सोडा पिऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी त्यात बेरियम क्लोराइड घातलं की दुधासारखा गढूळपणा येतो, फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब टाकले की झकास गुलाबी रंग, आणि मग ब्युरेटमधून ॲसिड थेंब थेंब सोडत तो गुलाबी घालवायचा. जितकं ॲसिड कमी लागेल तितका मातीचा श्वास जास्त. रोवलेल्या रिंगेशेजारी एक बीकर बंद बरणीतही ठेवायचा, हवेतला हिशेब वजा करायला. ब्युरेटचा स्टँड मी ओसरीवर मांडला होता. सालगड्याची पोरं रांगेत बसून बघायची.

मामा तंबाखू मळत उभे राहिले आणि म्हणाले, "काऊन वं, हे गुलाबी पानी पांढरं करासाठी सरकार तुले पैसे देते?"

देत नव्हतं. फेलोशिप सात महिने अडकली होती. पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

मृग लागायच्या आधीच्या कोरड्या मातीत बरणीतल्या बीकरला १९ मिली ॲसिड लागलं, तर शेतातल्या बीकरांना १७. म्हणजे जमीन जवळजवळ झोपलेली. मग १२ जूनच्या संध्याकाळी पाऊस आला. पहिल्या पावसाचा तो वास सगळ्यांना ठाऊक असतो, त्याच्यावर कविताही भरपूर आहेत. त्या वेळी जमिनीत आणखी एक गोष्ट चालू असते. महिनोन् महिने वाळलेल्या मातीवर पाणी पडलं की सूक्ष्मजीव एकदम जागे होतात, मेलेल्या जिवाणूंचा आणि सुट्या झालेल्या सेंद्रिय पदार्थाचा फडशा पाडतात आणि कार्बन डायऑक्साइडचा लोंढा सुटतो. बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर हे मांडलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. मी ते फक्त वाचलं होतं. त्या पावसानंतर गवतातल्या रिंगांना ११ मिली लागलं. ट्रॅक्टरने उलथलेल्या भागातल्या रिंगांना ८. पुढच्या पावसाला पुन्हा तसंच. ब्युरेटचा नळ मी नेहमीच्या हिशेबाने सोडला होता आणि गुलाबी रंग इतक्या लवकर गेला की पहिला नमुना मी वाया गेला समजून फेकून दिला.

म्हणजे एक रोपही लागायच्या आधीच ती जमीन, पिढ्यान्‌पिढ्या गवताच्या मुळांनी जमवलेला कार्बन, हवेत उधळत होती.

पहिल्या पावसानंतरच मामांनी विचारलं होतं, "म्हंजे चांगलं का वाईट? लावू का नको?"

मी म्हटलं, "मामा, एका पावसावरून काही सांगता येत नाही."

जुलैत सहा हजारांच्या आसपास रोपं लागली.

रोपं जगली, त्याबद्दल तक्रार नाही. झुडपं छातीइतकी झाली, चीक लागून मामींची दोन लुगडी कायमची डागाळली. तिसऱ्या वर्षी सहा एकरांतून तीन पोती बी निघालं. फळं एकदम पिकत नाहीत, एकाच फांदीवर हिरवं, पिवळं, काळं असं सगळं असतं, त्यामुळे पुन्हा पुन्हा वेचणी. वेचणीची मजुरी बियांच्या भावाला भारी पडली. पत्रकावरचा फोन तोवर बंद झाला होता. बरडावर चरणाऱ्या मामींच्या शेळ्या पहिल्याच वर्षी विकाव्या लागल्या, कारण गवत संपलं आणि चंद्रज्योतीला शेळी तोंड लावत नाही. हाच तर तिचा मोठा गुण म्हणून सांगितला होता! शेळ्यांचे पैसे मामींच्या हातात यायचे, मामांच्या नाही. कुठल्याही कार्बनच्या तक्त्यात हा रकाना मी आजवर पाहिलेला नाही.

२०११ मध्ये सालगड्याच्या दोन पोरांनी बिया फोडून खाल्ल्या. चवीला त्या बदामासारख्या लागतात म्हणे, आणि विषारी असतात. उलट्या, जुलाब, रात्रभर सलाइन. पोरं वाचली. मामांनी पुढच्या आठवड्यात जेसीबी बोलावला.

आणि पुढच्या वर्षी मामेबहिणीच्या लग्नात, भर पंगतीत, आग्रहाची जिलबी वाढता वाढता ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमची भाची झाडांची डाक्टर हाये. ओसरीवर बसून मोजलं, अन् सांगतलं नाही. सांगतलं असतं तं लावलंच नसतं म्या." मी पानावरून उठले. दोन वर्षं बोलणं बंद होतं.

आता माझं म्हणणं मांडते, कारण त्या पंगतीत मला बोलू दिलं नाही.

फेब्रुवारी २००८ मध्ये 'सायन्स' या मासिकात दोन निबंध आले. एक फार्जिओन आणि सहकाऱ्यांचा, दुसरा सर्चिंजर आणि सहकाऱ्यांचा. पहिल्यात 'कार्बन-कर्ज' ही कल्पना होती. जंगल, गवताळ रान मोडून जैवइंधनाचं पीक लावलंस तर मोडतानाच इतका कार्बन सुटतो की त्या इंधनामुळे दरवर्षी वाचणाऱ्या उत्सर्जनाच्या तो १७ ते ४२० पट भरतो. म्हणजे तितकी वर्षं कर्ज फेडत बसायचं. ग्रंथालयात ते वाचताना मला ओसरीवरचे ८ आणि ११ आठवले आणि घशाशी आलं. पण त्याच निबंधात हेही होतं, की निकृष्ट झालेल्या, सोडून दिलेल्या शेतजमिनीवर बारमाही झाडं लावली किंवा टाकाऊ काडीकचरा वापरला तर कर्ज नगण्य. मग सगळी दारोमदार एकाच गोष्टीवर येते. तुझी जमीन खरंच निकृष्ट आहे, की तहसीलच्या कागदावर तसं लिहिलंय? मामांचं बरड कागदावर पोटखराब होतं. मामींसाठी ते कुरण होतं, मोहफुलाच्या दिवसांत गावातल्या चार बायकांसाठी टोपलीभर उत्पन्न होतं, आणि माझ्या रिंगांपुरतं बोलायचं तर गवताखालचं ते एक जुनं खातं होतं. पडीक नावाची जमीन नसते. ज्याला तिच्यातून काही मिळत नाही, तो तिला पडीक म्हणतो.

म्हणून काटोलच्या पाच एकरांवर आज काय उभं आहे ते तू लिहिलंच नाहीस, हे मला खटकलं.

कार्बन क्रेडिटचं आता सरळ सांगते. एक क्रेडिट म्हणजे हवेतून काढलेला किंवा हवेत जाऊ न दिलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, त्याचा विकता येणारा दाखला. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर. झाडं उत्तम वाढली आणि हेक्टरी वर्षाला १० टन साठले असं धरून चाल, बरडासाठी हे उदारपणाचं आहे. झाली २० क्रेडिटं. एकाला ५०० रुपये धरले तर वर्षाचे १०,००० रुपये, त्यातून मोजणीवाला, पडताळणीवाला आणि मधला माणूस. एजंट गावात येतो तेव्हा हा गुणाकार करून दाखवत नाही. आणि तू तर तीच झाडं तोडून जाळायला देणार आहेस! उभ्या झाडातला साठा विकायचा आणि तेच झाड इंधन म्हणूनही विकायचं, म्हणजे एकच बैल दोन बाजारांत विकणं आहे.

लाकूड जाळलं की उत्सर्जन शून्य, हेही पाठ केलेलं वाक्य आहे. तितक्याच उष्णतेसाठी धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड लाकडाचा कोळशापेक्षा थोडा जास्तच असतो. फरक एवढाच की झाड पुन्हा वाढलं तर तो परत आत येतो. किती वर्षांत येतो, खरंच येतो का, आणि तोडलं नसतं तर ते झाड अजून किती वाढलं असतं, या तीन प्रश्नांवर सगळा विषय उभा आहे. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रातल्या बॉयलरला यातलं काही कळत नाही. औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर काही टक्के जैवभार (लाकूड, काडीकचरा) जाळायचं धोरण केंद्राने २०२१ मध्ये सक्तीचं केलं. मला विचारशील तर त्यासाठी नवीन झाड लावूच नये. आपल्याकडे पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाची आणि तुरीची वाळकी झाडं, धुऱ्यावर पेटवल्या जातातच, त्या आधी गोळा करा. गोळा करणं, वाळवणं, वाहून नेणं कटकटीचं आहे, फीत कापायला त्यात काही नसतं, म्हणून ते मागे पडतं.

बांबूवर भांडायला येणाऱ्यांसाठी: बांबू मला आवडतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने झाड राहिला नाही, तोडायला-न्यायला सोपा झाला, हे चांगलंच झालं. पण बरड मुरमावर विनापाण्याचा बांबू म्हणजे दुसरी चंद्रज्योत. रंगीत पत्रक मिळालं की आधी मागची बाजू बघ, पाण्याबद्दल काय लिहिलंय.

करिअरचं राहिलंच.

नेट-जेआरएफ काढ, म्हणजे पीएच.डी.साठी फेलोशिप देणारी राष्ट्रीय परीक्षा. २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं, वेळेवर येईलच असं नाही, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून मगच नाव नोंदव. नागपूर यासाठी वाईट गाव नाही. नीरी, म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, इथे आहे, मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था अमरावती रोडवर आहे, कापूस संशोधन केंद्र वर्धा रोडला. जंगल सकाळच्या एसटीने गाठता येतं. तरी एकदा बाहेर जाऊन ये. पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था, बंगळुरूचं भारतीय विज्ञान संस्थेतलं परिस्थितिकी केंद्र, हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र. या हैदराबादवाल्यांचा एक टॉवर बैतूलच्या सागाच्या जंगलात आहे, आपल्यापासून चार तासांवर. टॉवरवर तीन बोटांच्या पंजासारखं एक यंत्र हवेचा वर-खाली झोका सेकंदाला १० वेळा मोजतं, शेजारचं दुसरं त्याच क्षणी कार्बन डायऑक्साइड मोजतं, आणि दोन्ही जुळवून दर अर्ध्या तासाला जंगलाने किती घेतला-किती सोडला ते निघतं. माझी एका दिवसाची रिंग एका बाजूला आणि हे एका बाजूला. पण एप्रिलमध्ये निष्पर्ण सागाखाली उभं राहून जे कळतं ते त्या आकड्यांनी पक्कं होतं. आपली जंगलं वर्षातले कित्येक महिने कार्बन घेण्याच्या कामाला जवळजवळ सुट्टी देतात. युरोपातले वा ईशान्येतले प्रति-झाड आकडे उचलून नागपूरच्या वृक्षारोपणाच्या फलकावर लावणाऱ्यांना हे सांगून माझा गळा बसला. पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो म्हणणाऱ्यांशी मी आता बोलतच नाही.

संख्याशास्त्र शीक, थोडं सोल्डरिंग शीक. टेपने छातीइतक्या उंचीवर झाडाचा घेर मोजायला वन मजुरांकडून शीक, आपल्या पुस्तकांपेक्षा ते बरं शिकवतात. माझ्या हाताखाली आलेली हुशार पोरं पुढे हैदराबाद-बंगळुरूला गेली, काही वन खात्यात लागली, दोघांनी विषय सोडून बँकेच्या परीक्षा दिल्या आणि तीही सुखात आहेत.

आता काही गोष्टी माझ्या विरोधात जाणाऱ्या. सहा एकर, दहा-बारा रिंगा आणि दोन पाऊस, यावरून जट्रोफावर निकाल देता येत नाही. जिथे पाणी-खत दिलं तिथे बी बरं आलंही असेल. २७ ऑगस्ट २०१८ ला देहरादूनहून दिल्लीला जे विमान जैवइंधन मिसळून उडालं, त्यातलं तेल छत्तीसगडच्या शेतकऱ्यांच्या जट्रोफाचंच होतं. ती बातमी मामांनी मला व्हॉट्सॲपवर पाठवली. खाली फक्त एक ओळ: "पाह्य, उडलं."

आणि 'एका पावसावरून सांगता येत नाही' हे माझं वाक्य शास्त्राच्या दृष्टीने बरोबर होतं, आजही कुठल्याही परीक्षकासमोर तेच म्हणेन. पण मामांनी मला बर्च परिणामाबद्दल विचारलं नव्हतं. लावू का नको, एवढंच विचारलं होतं, आणि त्यावर "यंदा अर्ध्यातच लावा, गवताचं अर्धं राहू द्या" इतकं म्हणायला पीएच.डी. लागत नव्हती. तरी पंगतीत बोलायला नको होतं त्यांनी.

तुझ्या पाच एकरांत यंदा ट्रॅक्टर घालू नकोस. उरलेल्या रिंगा माझ्या माळ्यावर पडल्या आहेत, आठ असतील, येऊन घेऊन जा. ब्युरेट कॉलेजातून उसनं मिळतं, झाकणं मात्र नवीन घे, जुन्यांचे रबर कडक झालेत. मृग ७-८ जूनला लागतो. त्याआधी निदान दोन कोरड्या रात्री मोजून ठेव, कारण एकदा पाऊस पडला की ते आकडे पुढच्या मेपर्यंत मिळत नाहीत.